घरच्या फोटोंसाठी प्रिंटर कसा निवडावा

प्रिंटरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके याचा, आकडा असतो, आणि फोटोसाठी प्रिंटर निवडताना सगळ्यात कमी कामाचा आकडा तोच. आधी एवढंच ठरवा की घरात फोटो किती वेळा छापले जाणार. दर आठवड्याला चार-पाच, की तीन-चार महिन्यांतून एकदम पन्नास? याचं खरं उत्तर दिलं की निम्मे पर्याय आपोआप बाद होतात. इंकजेट प्रिंटरला कामापेक्षा रिकामं बसणं जास्त बाधतं. कागदावर शाई टाकणाऱ्या हेडमधली छिद्रं केसापेक्षाही बारीक असतात, त्यांत शाई वाळली की एखादा रंग कमी पडायला लागतो.

वर्षातून एकदाच अल्बम भरायचा असेल, तर प्रिंटर घेऊच नका. एकगठ्ठा फोटो लॅबमध्ये छापून घेणं स्वस्तही पडतं आणि प्रती टिकतातही. घरचा प्रिंटर अशांच्या उपयोगाचा, ज्यांना फोटो हवा तेव्हा, हव्या त्या मापात छापायचाय आणि मनासारखा आला नाही तर सुधारून पुन्हा काढायचाय.

चार प्रकार, त्यातले दोनच कामाचे

लेझर प्रिंटर फोटोसाठी नको. टोनरची भुकटी कागदावर वितळवून बसवलेली असते. अक्षरं खणखणीत येतात, पण चेहऱ्यावरच्या हलक्या छटांत जाळी दिसते. इंकजेटचा ग्लॉसी फोटोपेपर तर लेझरमध्ये चुकूनही घालू नका. आतल्या तापत्या रोलरवर कागदाचा लेप वितळून चिकटतो आणि दुरुस्तीचं काम निघतं.

खिशात मावणारे झिंक प्रिंटर बिनशाईचे असतात. रंगाचे स्फटिक कागदातच असतात आणि उष्णतेने उमटतात. माप बहुतेक २×३ इंच. मुलांच्या वहीत चिकटवायला मजेचे आहेत, पण रंग फिके येतात, सावलीतले तपशील बुजतात. घरातल्या माणसांचे जपून ठेवायचे फोटो यावर काढू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उरले दोन: डाय-सब्लिमेशन आणि इंकजेट.

डाय-सब्लिमेशनमध्ये रंगाची रिबन तापवून रंग कागदात उतरवतात. आधी पिवळा, मग मॅजेंटा (गडद गुलाबी), मग सायन (हिरवट निळा) आणि शेवटी वरून पारदर्शक थर. कागद त्यासाठी चार वेळा आत-बाहेर करतो. कॅननचा सेल्फी सीपी१५०० हा या प्रकारातला नेहमीचा प्रिंटर, एक फोटो पाऊण मिनिटाच्या आत देतो. यात वाळायला शाईच नसल्यामुळे सहा महिने पडून राहिला तरी पहिला फोटो नीट येतो. प्रत बाहेर पडते ती कोरडी, वरच्या थरामुळे पाण्याचा थेंब पडला तरी पुसता येते. कागद आणि रिबन जोडीनेच मिळतात. १०८ फोटोंच्या पाकिटात १०८ कागद आणि तेवढ्यालाच पुरेल इतकी रिबन. पाकिटाच्या किमतीला १०८ ने भागलं की एका फोटोचा खर्च कळला. फोटोत काळा जास्त असो वा पांढरा, खर्च तोच.

मर्यादाही ठळक आहेत. पोस्टकार्डाएवढ्या, म्हणजे १००×१४८ मिलिमीटर मापाच्या पुढे जाता येत नाही. छापताना कागद मागच्या बाजूनेही बाहेर येतो, त्यामुळे भिंतीला खेटून ठेवलात तर तिथेच अडकतो. मागे एक हात मोकळी जागा ठेवा. रिबनवर धूळ बसली की फोटोवर पांढरे ठिपके येतात आणि ते घालवता येत नाहीत. म्हणून काम झालं की रिबनची कॅसेट काढून झाकून ठेवायची. आणखी एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोची उलटी प्रतिमा स्पष्ट राहते. घरातले फोटो आहेत, तेव्हा रिबन कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने तुकडे करा.

थोडक्यात, फोटो अधूनमधूनच छापायचे असतील आणि ४×६ च्या आसपासचं माप पुरेसं असेल, तर डाय-सब्लिमेशन डोळे मिटून घ्या. ए४ हवा असेल, वेगवेगळे कागद वापरून बघायचे असतील किंवा आठवड्याला छपाई होणारच असेल, तर इंकजेट.

इंकजेटमध्ये काय बघायचं

सगळ्यात आधी शाईचे रंग मोजा. चार रंगांचे प्रिंटर (काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा) मुळात कागदपत्रांसाठी बनवलेले असतात. अशा बऱ्याच मॉडेलांत काळी शाई पिग्मेंट (द्रवात तरंगणारे रंगाचे बारीक कण) असते आणि बाकीच्या तीन डाय (द्रवात विरघळलेला रंग). पिग्मेंट काळी साध्या कागदावर गडद दिसते, पण ग्लॉसी कागदात ती नीट बसत नाही. म्हणून फोटो छापताना प्रिंटर ती बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतो. हा काळा कधी तपकिरी झाक मारतो, कधी निळसर. काळेभोर केस, गडद रंगाचे कपडे, रात्रीचा फोटो अशा ठिकाणी फरक लगेच दिसतो. टाकीत काळी शाई भरलेली असूनही फोटोत काळा फिका का, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून चार रंगांचाच घ्यायचा असेल, तर काळी शाई डाय आहे का हे तपशिलात बघा. पाच रंगांत पिग्मेंट काळी आणि फोटोची काळी वेगवेगळी असते, म्हणजे अभ्यासाचे कागद आणि फोटो दोन्ही नीट निघतात. सहा रंगांत खरी मजा आहे, पण सहावा रंग कोणता तेही बघा. एप्सनच्या एल८०५० मध्ये फिका सायन आणि फिका मॅजेंटा आहेत. गालावरच्या, आकाशातल्या हलक्या छटा गडद शाईचे विरळ ठिपके टाकून न काढता फिक्या शाईने भरल्या जातात, त्यामुळे दाणे दिसत नाहीत. कॅननच्या जी६२० मध्ये करडा आणि लाल आहे, तर एप्सनच्या ईटी-८५५० मध्ये करडा, शिवाय कागदपत्रांसाठी पिग्मेंट काळी वेगळी. करड्या शाईचा फायदा जुन्या कृष्णधवल फोटोंना होतो. नुसत्या तीन रंगांतून काढलेला राखाडी हिरवट किंवा गुलाबी दिसतो, करड्या शाईमुळे तो राखाडीच राहतो. घरात आजी-आजोबांचे कृष्णधवल फोटो पुन्हा छापायचे असतील, तर करड्या शाईचा प्रिंटर घ्या.

डाय की पिग्मेंट, हा वाद घरच्या वापरात फार ताणू नये. डाय शाई ग्लॉसी कागदावर अधिक झळझळीत दिसते. पिग्मेंट उजेडाला जास्त टिकते आणि मॅट कागदावर सुंदर येते, पण ग्लॉसीवर तिरक्या उजेडात तांबूस चकाकी दिसू शकते. अल्बमसाठी डाय, भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोंसाठी पिग्मेंट, एवढं पुरे.

आता कार्ट्रिज की टाकी. काही कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. शाई महाग पडते, पण हेड तुंबलं तरी नवीन कार्ट्रिज घातलं की नवं हेड मिळालं. टाकीच्या प्रिंटरमध्ये शाई स्वस्त असते, पण बऱ्याच मॉडेलांत हेड कायमचं बसवलेलं, आणि ते पुरतं तुंबलं तर दुरुस्तीचा खर्च प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जातो. हप्त्याला दहा फोटो निघणार असतील तर टाकीच परवडते. महिनोन्‌महिने हात लागणार नसेल तर टाकीची बचत कागदावरच राहते. उघडलेली शाई साधारण सहा महिन्यांत संपवावी असं बहुतेक कंपन्या सांगतात, हेही हिशेबात धरा.

डीपीआयबद्दल एवढंच. ५७६० × १४४० हा आकडा शाईचे थेंब किती जवळ टाकता येतात ते सांगतो. फोटोची एक छटा उमटवायला अनेक थेंब लागतात. फोटोच्या फाइलला इंचाला ३०० पिक्सेल भरपूर झाले. ४×६ साठी १२०० × १८०० पिक्सेल, ए४ साठी २४८० × ३५०८. कुठल्याही अलीकडच्या फोनमध्ये एवढं असतंच. अडचण येते ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंची. तिथे फोटो पाठवताना आकार घटतो. ४×६ निभावून जातो, पण ए४ मोठा करून छापला की पापण्या आणि केस पुसट होतात. पाठवणाऱ्याकडून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

बाकी चार गोष्टी भरभर तपासा. कागद मागून सरळ आत जातो की पुढच्या ट्रेमधून वळून जातो? २५०–३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) जाड कागद वळणावर अडकतो किंवा वाकतो, त्याला मागचा मार्ग हवा. बॉर्डरलेस, म्हणजे कडेला पांढरी पट्टी न सोडता छपाई कोणत्या मापांत होते? काहींत फक्त ४×६ लाच. वाया गेलेली शाई शोषणारा पॅड घरी बदलता येतो का? आणि वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असेल, तर राउटरवर तो बँड चालू लागतो. प्रिंटर ‘सापडत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

खर्च कसा काढायचा

‘एका बाटलीत ६००० पानं’ असे आकडे कागदपत्रांच्या ए४ पानांचे असतात. त्या पानावर बराच भाग पांढरा असतो. फोटोत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शाई लागते. फोटोसाठी वेगळं मोजमाप आहे. कंपनीने आयएसओ २९१०२ आणि २९१०३ प्रमाणे ४×६ इंची फोटोंचा आकडा दिला असेल, तर तोच धरा. हिशेब असा: शाईच्या पूर्ण संचाची किंमत भागिले त्यातून निघणारे फोटो, अधिक एका कागदाची किंमत. त्यावर दहा टक्के चढवा, कारण दहातला एखादा फोटो फुकट जातोच आणि हेड साफ करतानाही शाई जाते. प्रिंटरसोबत आलेल्या कार्ट्रिजवरून अंदाज बांधू नका, त्यांत अनेकदा नेहमीपेक्षा कमी शाई असते. काही मॉडेलं महिन्याच्या वर्गणीवर चालतात. वर्गणी थांबली की कार्ट्रिजमध्ये शाई असूनही छपाई थांबते, तेव्हा त्या अटी आधी वाचा.

दुसऱ्या कंपनीची स्वस्त शाई भरायचीच असेल, तर दोन गोष्टी सोडून द्याव्या लागतात: रंगांची हमी आणि फोटो टिकण्याची हमी. डायच्या प्रिंटरमध्ये पिग्मेंट शाई तर कधीच नको.

कागदावर काटकसर नको

तोच प्रिंटर, तीच शाई, आणि फक्त कागद बदलला तर फोटो ओळखू येणार नाही इतका फरक पडतो. बाजारात ‘ग्लॉसी’ नावाने दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक कास्ट-कोटेड: साध्या जाड कागदावर चकचकीत लेप, मागची बाजू साध्या कागदासारखी. ओलाव्याने हा वाकतो आणि शाई वाळायला वेळ लागतो. दुसरा आरसी: कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर, मागची बाजू गुळगुळीत, बरेचदा कंपनीचं नाव छापलेली. अल्बमसाठी आरसीच घ्या, २०० जीएसएमच्या वरचा. लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या फोटोंना पूर्ण ग्लॉसीपेक्षा सेमी-ग्लॉस किंवा लस्टर बरा, बोटांचे ठसे कमी दिसतात.

सुरुवातीला प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचाच कागद घ्या. त्याची नावं प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जशीच्या तशी सापडतात. रंग कसे यायला हवेत हे एकदा डोळ्यांना कळलं की मग दुसरा कागद पारखता येतो. उघडं पाकीट झिपच्या पिशवीत, आडवं ठेवा. दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि दोन-दोन कागद एकदम ओढले जातात.

घेण्याआधीची परीक्षा

दुकानातला नमुना फोटो बघून काहीच ठरवू नका. तो त्या प्रिंटरला शोभेल असाच निवडलेला असतो. तुमच्याच तीन फाइली न्या: खिडकीजवळच्या उजेडातला एक चेहरा, गडद कपड्यांतल्या काळ्या केसांच्या माणसांचा घरातल्या दिव्यांतला घोळका आणि एक कृष्णधवल. पहिल्यात गालावर दाणे दिसतात का बघा. दुसऱ्यात केसांच्या बटा वेगळ्या दिसतात की नुसता काळा डाग, ते बघा. तिसऱ्यात हिरवी-गुलाबी झाक शोधा. प्रत दिवसाच्या उजेडात नेऊन, हातभर अंतरावरून बघा. भिंग लावायची गरज नाही.

पहिला फोटो काढताना

साध्या कागदावर नोझल, म्हणजे हेडमधली छिद्रं, तपासणीचं पान काढा. एकही रेघ तुटलेली नको. मग फोटोपेपर कडांना धरून घ्या, वरच्या बाजूला बोट लावू नका. छापायची बाजू कोणती कळत नसेल, तर किंचित ओलसर बोट कोपऱ्याला लावून बघा. जी बाजू चिकटते ती छापायची. ट्रेमध्ये पाच-दहा कागदच ठेवा, बाजूचे गाइड कागदाला नुसते टेकवा. आवळले तर कागद कमान करतो आणि हेड त्याला घासतं.

मग सगळ्यात महत्त्वाची सेटिंग: कागदाचा प्रकार. ट्रेमध्ये ग्लॉसी आणि सेटिंगमध्ये ‘प्लेन पेपर’ राहिलं, तर शाईचं प्रमाण, काळ्या शाईची निवड, सगळंच चुकतं. फोटो मळकट येतो, दाणे दिसतात, शाई वर तरंगते. फोनच्या गॅलरीतून थेट छापताना हा प्रकार नेहमी विचारला जातोच असं नाही, म्हणून कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा संगणकावरून छापा. त्यानंतर माप, दर्जा ‘हाय’, आणि बॉर्डर.

मापात एक खोच आहे. फोनचा फोटो ४:३ प्रमाणात असतो, ४×६ चा कागद ३:२. आडवा फोटो बॉर्डरलेस भरला, तर उंची साडेचार इंच व्हायला हवी आणि कागद चारच इंच. म्हणजे वर-खाली मिळून अर्धा इंच कापला जातो. गटाच्या फोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी यातच जातात. आधी स्वतः क्रॉप करून बघा, नाहीतर पांढरी पट्टी राहू द्या. बॉर्डरलेसमध्ये प्रिंटर चित्र आणखी जरासं मोठं करून कडेबाहेर शाई सांडतो, म्हणून चेहरे कडेला चिकटवू नका. ती सांडलेली शाई पॅडमध्ये जाते, तेव्हा सगळंच बॉर्डरलेस काढलं तर पॅड लवकर भरतो.

फोटो स्क्रीनपेक्षा काळपट आला, तर बहुधा प्रिंटर निर्दोष असतो. स्क्रीनच जास्त उजळ असते. तिच्याशेजारी कोरा कागद धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाइतका दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. तरीही शंका असेल, तर एकाच कागदावर त्याच फोटोच्या चार छोट्या प्रती काढा: मूळ, आणि उजळपणा १०, २०, ३० ने वाढवलेल्या. कोणती बरी ते बघून त्या घरच्या प्रिंटरसाठी तोच आकडा लिहून ठेवा. निवाडा मात्र दहा मिनिटांनी, शाई वाळल्यावर करा. ओल्या प्रतीचे रंग वेगळे दिसतात.

बिघाड ओळखण्याच्या खुणा

बारीक आडव्या रेघा आल्या तर नोझल तुंबलंय. सफाई दोनदा, फार तर तीनदा चालवा. तरी सुटलं नाही तर पुन्हा पुन्हा चालवू नका, शाई संपते आणि पॅड भरतो. रात्रभर तसाच ठेवून सकाळी तपासणीचं पान काढा, वाळलेली शाई बरेचदा आपोआप सैल होते. तपासणीचं पान नीट असूनही पट्टे येत असतील, तर प्रिंटरच्या मेनूतून हेड अलाइनमेंट (हेड सरळ रेषेत आणणं) करा. संपूर्ण फोटो हिरवा दिसला तर मॅजेंटा येत नाही. गुलाबी दिसला तर सायन आणि पिवळा आधी तपासा. सगळे रंग येत असूनही गुलाबी झाक राहिली, तर रंगांची दुरुस्ती सॉफ्टवेअर आणि प्रिंटर दोन्हीकडून होतेय. एकीकडे बंद करा. शेवटच्या सेंटीमीटरभर पट्ट्यातच रेघ दिसली, तर तिथे कागद मागच्या रोलरमधून सुटलेला असतो. बॉर्डर ठेवली की बहुधा जाते. ओळीने बारीक टोचल्यासारखे ठिपके दिसले, तर छोट्या दातेरी चाकांचे ठसे ओल्या शाईवर उमटलेत. कागदाचा प्रकार चुकला आहे का बघा.

प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. तेव्हाच हेड जागेवर जाऊन टोपणाखाली बसतं. भिंतीवरचा स्विच आधी बंद केला, तर हेड उघडं राहतं आणि हवेने वाळतं. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक छोटं पान काढा. टाकीतली शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नका, नळ्यांत हवा शिरली की ती काढायला भरपूर शाई खर्ची पडते.

छापल्यावर

इंकजेटचे फोटो लगेच एकावर एक रचू नका. फ्रेममध्ये घालायचे असतील तर निदान २४ तास उघडे ठेवा. शाईतले द्रव हळूहळू उडत असतात, घाई केली तर काचेच्या आतून धुरकट थर धरतो. डाय शाईच्या उघड्या प्रती हवेतल्या ओझोननेही फिक्या पडतात, म्हणून त्या अल्बममध्ये किंवा काचेआडच ठेवा. अल्बमचे कप्पे पीव्हीसीचे नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे बघा. पीव्हीसीमधलं मऊपणा देणारं द्रव्य रंग ओढून घेतं, डाय-सब्लिमेशनच्या फोटोंना हा धोका जास्त. मागे नावं-तारखा लिहायच्या तर आरसी कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढून दिसतो. बारीक टोकाचं पिग्मेंट शाईचं पेन घ्या, कडेला लिहा आणि पूर्ण वाळल्यावरच फोटो कप्प्यात सरकवा.